जुनी दमणी घ्यायची तर : पारख, दुरुस्ती आणि प्रवास

(यवतमाळ जिल्ह्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. ट्रॅक्टरच्या काळात, दारात मोटरसायकल उभी असताना, दमणी विकत घ्यायची आणि तिच्यात बसून फिरायचं, हे काय नवीन? पण सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांच्या गोठ्यात किंवा वाड्याच्या मागच्या परसात एखादी दमणी, रेंगी किंवा छकडा पडलेला आहे, हेही आपल्याला ठाऊक आहे. आणि गेल्या काही वर्षांत ती उचलून नेणारे लोक गावोगाव फिरतात, हेही आपण पाहतो. म्हणून हा विषय.

आम्ही काही मित्र जुन्या गाड्या पाहत, त्या दुरुस्त करून घेत, त्यांतून थोडंफार फिरत आलो आहोत. त्यातून जे कळलं ते आज क्रमाने सांगायचं आहे. आधी ही वस्तू नेमकी काय आहे ते पाहू. मग विकत घेताना काय तपासायचं, दुरुस्ती कशी करून घ्यायची आणि शेवटी तिचा आनंद कसा घ्यायचा.

दमणी म्हणजे काय?

नावांचा घोळ आधी सोडवू. आपल्याकडे ओझ्याची गाडी ती बंडी. शेणखत, कापूस, कडबा, सगळं तिच्यातून. शर्यतीचा, म्हणजे शंकरपटाचा, तो छकडा. हलका, जेमतेम एका माणसाला उभं राहण्यापुरता. माणसांनी बसून प्रवास करायची गाडी म्हणजे रेंगी आणि दमणी. रेंगी लहान. दमणी त्यातल्या त्यात ऐसपैस, वर बांबूच्या कमानी, त्यावर तट्ट्या किंवा कापडाचं छत, मागेपुढे पडदा, खाली गवत किंवा कडबा पसरून त्यावर गादी-सतरंजी. गावागावात ही नावं थोडी इकडची तिकडे होतात. वणीकडे जे एका नावाने ओळखतात ते पुसदकडे दुसऱ्या नावाने ओळखतील. वाद घालायचं कारण नाही. गाडी ओझ्याची की माणसांची, एवढं बघायचं.

माणसांची गाडी ही घरातल्या बायकांची गाडी होती. आज सत्तरीत असलेल्या कोणत्याही आजीला विचारा. लेक पहिल्या सणाला माहेरी आली ती दमणीत. लग्नाचं वऱ्हाड निघालं ते दमण्यांच्या रांगेने. कळंबच्या चिंतामणीला, वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेला घरदार निघालं तेही दमणीत बसून. जाताना शिधा, भांडी, गोवऱ्या, सगळं सोबत. वाटेत नदीकाठी गाडी सोडायची, बैलांना वैरण टाकायची, गोवऱ्यांवर रोडगे लावायचे, वांग्याची भाजी करायची, आणि रात्र झाली तर लेकरं गाडीत नि मोठी माणसं गाडीखाली झोपायची. आता सांगा, ज्याला बाहेरच्या देशात ट्रॅव्हल ट्रेलर किंवा कॅरॅव्हॅन म्हणतात ते याहून वेगळं काय आहे?

बाहेरची गोष्ट, थोडक्यात

हौसेच्या कॅरॅव्हॅनची सुरुवातसुद्धा मोटरीने झालेली नाही. नौदलातून निवृत्त झालेले एक डॉक्टर, विल्यम गॉर्डन स्टेबल्स, यांनी १८८५ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या गाडी-कारखान्यातून स्वतःसाठी एक फिरतं घर बनवून घेतलं. नाव ठेवलं ‘द वाँडरर’, म्हणजे भटक्या. अठरा फूट लांब, दोन टनांच्या आसपास वजन, ओढायला दोन घोडे. त्यांनी कल्पना घेतली होती ती तिथल्या रोमानी भटक्या लोकांच्या गाड्यांवरून. पुढे १९०७ साली तिथे कॅरॅव्हॅनवाल्यांचा क्लब निघाला आणि स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले. अमेरिकेत १९३६ साली एअरस्ट्रीम कंपनीने ‘क्लिपर’ नावाचा ॲल्युमिनियमचा गोल पाठीचा ट्रेलर काढला. आज असे जुने ट्रेलर तिकडे लोक हुडकून काढतात, दुरुस्त करतात आणि अभिमानाने वापरतात.

आपल्याकडे फिरत्या माणसांची परंपरा याहून किती जुनी! आपला जिल्हा बंजारा समाजाचा. रस्ते नव्हते तेव्हा त्यांच्या लदेणीने, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून, धान्य आणि मीठ मुलूखभर पोचवलं. सगळा तांडाच त्या बैलांबरोबर चालायचा. राजस्थानातले गाडिया लोहार तर पिढ्यानपिढ्या गाडीतच राहिले. म्हणजे चाकावरचं घर हे कोणाची हौस होतं, तर कोणाचं जगणं होतं. जुनी गाडी विकत घेताना हा फरक डोक्यात ठेवावा लागतो, कारण ती आपल्याला हौस म्हणून हवी असते आणि देणाऱ्याच्या घरात ती बहुधा दुसऱ्याच कारणाने विकायला निघालेली असते. त्याकडे पुढे येऊ.

महाराष्ट्र सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचं आणि २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. शेतावर पाहुणे बोलावणारी केंद्रं वाढली, तशी जुन्या गाड्यांना मागणी वाढली. पण ही मागणी बहुतेक वेळा शोभेची असते. चाक काढून त्याचं झुंबर होतं, तुंब्यावर काच ठेवून टेबल होतं, उरलेलं चुलीत जातं. एक गाडी अशी गेली की ती दुरुस्त करणाऱ्या वाढयाचं आणि लोहाराचं एक काम कायमचं गेलं. चालती गाडी मात्र दरवर्षी काहीतरी काम मागते. ते काम राहिलं तर हात राहतात. आजच्या विषयात पणाला लागलेली गोष्ट ही आहे.

चाक समजलं की गाडी समजली

दमणीची अर्धीअधिक किंमत तिच्या चाकांत असते. म्हणून चाक कसं काम करतं ते नीट समजून घेऊ.

मध्ये तुंबा. त्यातून निघणारे आरे. आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले लाकडी पाट, ज्यांचा मिळून गोल होतो. साधारणपणे एका पाटात दोन आरे बसतात, म्हणजे सहा पाट असतील तर बारा आरे. आणि सगळ्याच्या वरून लोखंडाची धाव. या सगळ्यात एकही स्क्रू नाही, सरस नाही. मग चाक एकत्र राहतं कसं? ते राहतं धावेच्या आवळण्यामुळे.

लोहार धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहान बनवतो. मग ती गोवऱ्यांच्या जाळात तापवतात. लोखंड तापलं की वाढतं. हिशोब करून पाहू. साडेचार फूट व्यासाच्या चाकाचा घेर साधारण १४ फूट, म्हणजे ४३० सेंटिमीटर. लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे एक लाखांश आणि थोडं वर, इतकं वाढतं. पाचशे अंशांनी तापवलं तर ४३० सेंटिमीटरची धाव सुमारे अडीच सेंटिमीटरने वाढते. म्हणजे एक-दीड बोट. तेवढ्या ढिलाईत ती सांडशीने धरून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, धाव आक्रसते, पाट एकमेकांवर दाबले जातात, आरे तुंब्यात घट्ट शिरतात. लाकडाचे वीसएक तुकडे एका चाकात बांधले जातात. हे काम घड्याळ आणि थर्मामीटर न बघता, लोखंडाच्या रंगावरून करणारी माणसं आपल्या जिल्ह्यात अजून आहेत. त्यांचं वय मात्र बघा.

आता यातूनच पुढचं कळतं. लोखंडाचा घेर ठरलेला, पण लाकूड मात्र हवेप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. आपल्याकडे वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. त्या हवेत लाकूड इतकं सुकतं की जुनी धाव सैल पडते आणि आरे खुळखुळायला लागतात. म्हणून पूर्वी उन्हाळ्यात चाकं काढून नाल्याच्या डोहात टाकून ठेवत. लाकूड पाणी प्यालं की चाक पुन्हा घट्ट. पण ही सोय तात्पुरती. सुकलं की परत सैल.

विकत घेताना

पहिली गोष्ट, गाडी पाहायला उन्हाळ्यात जावं. पावसाळ्यात प्रत्येक चाक चांगलंच वाटतं. एप्रिल-मेमध्ये जे चाक घट्ट आहे ते खरंच घट्ट आहे. आणि चाकाखालची जमीन ओली दिसली, चाकावर पाण्याचे ताजे डाग दिसले, तर आठ दिवसांनी पुन्हा या म्हणून उठावं.

दुसरी गोष्ट, कानाने तपासणी. लहान हातोडीने प्रत्येक आऱ्यावर हलकेच ठोका. घट्ट आरा टणक आवाज देतो, सैल आरा बद्द वाजतो. बाराही आरे ठोकून बघायचे, कंटाळा करायचा नाही. दोन-तीन सैल असतील तर धाव पुन्हा चढवून काम भागतं. निम्मे सैल असतील तर चाक उघडावं लागेल, आणि तो खर्च गाडीच्या किमतीत धरावा लागेल.

तिसरी, तुंबा. चाक गाडीवरून काढून घ्यायला सांगा. तुंब्यावर बारीक भेगा असतातच, त्यांना घाबरू नका. पण आऱ्याच्या एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत गेलेली भेग असेल तर तो तुंबा संपला. आतलं लोखंडी नळकांडं, ज्याला आपण बुश म्हणतो, ते एका बाजूने झिजून लंबगोल झालं आहे का ते बोट फिरवून बघा. आस सरळ आहे का, हे दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजलं की कळतं. दोन मापांत फरक आला तर आस वाकलेला आहे किंवा चाक तिरकं बसलं आहे.

चौथी, लाकूड. साटा, म्हणजे बसायची चौकट, आपल्याकडे बहुधा सागाची. आपल्या जंगलाची ती देणगी. चाकाला आणि ओढीच्या भागांना बाभूळ, तिवस, धावडा अशी चिवट लाकडं. साग टिकतो, पण धक्का खाण्यात बाभूळ आणि तिवस पुढे. म्हणून कोणी ‘पूर्ण सागाची गाडी, चाकंसुद्धा सागाची’ म्हणून जास्त भाव सांगत असेल तर ती गाडी बघायला चांगली असेल, चालायला असेलच असं नाही. टोच्याने सांध्यांत टोचून बघा. टोच्या लोण्यासारखा आत गेला तर आत वाळवी किंवा भुंगा आहे. दांडी जिथे साट्याला मिळते ती जागा खास बघा. ओढीचा सगळा ताण तिथे येतो आणि गाडी मोडते तीही तिथेच.

पाचवी, रंग. ताजा तेलरंग लावलेली गाडी संशयाने बघावी. रंगाखाली भुसा-सरस भरून भेगा बुजवता येतात. काळवंडलेली, धुळीने माखलेली, न रंगवलेली गाडी जास्त प्रामाणिक. तशीच गोष्ट खिळ्यांची. जुन्या कामात लाकडी खुंट्या असतात. त्या जागी ताजे खिळे दिसले तर सांधा कधीतरी निखळला होता, एवढं समजायचं.

किंमत ठरवताना

भाव काय द्यावा, हा सगळ्यांचा प्रश्न असतो. ठरलेला बाजारभाव नाही, म्हणून हिशोबाची पद्धत सांगतो. तीन आकडे मांडा. एक, लाकडाची आजची किंमत. दोन, लोखंडाची किंमत. तीन, आज अशी गाडी नव्याने करायची तर वाढयाचे आणि लोहाराचे किती दिवस लागतील, गुणिले त्यांचा रोज. भंगारवाला फक्त पहिले दोन आकडे मोजतो. सगळी लूट होते ती तिसऱ्या आकड्यात. चालती गाडी घेत असाल तर तिसरा आकडाही मोजा आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा. जो आकडा येईल तो विकणाऱ्याला कागदावर लिहून दाखवा.

हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण आपला जिल्हा कसा आहे हे आपल्याला कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. हंगाम फसला, कापसाला भाव मिळाला नाही, दवाखाना निघाला, की घरातून आधी जनावर जातं, मग बंडी जाते, मग सोनं जातं. गोठ्यातली दमणी विकायला निघते ती बरेचदा अशाच वर्षी. त्या दिवशी घरमालक मिळेल त्या भावाला हो म्हणतो. अडलेल्या माणसाकडून स्वस्तात मिळालेली गाडी आपण दारात उभी करून लोकांना कौतुकाने दाखवावी, यात कसला आनंद? उलट अशा वेळी एक करता येतं. पैसे पूर्ण द्यायचे आणि ठरवायचं की त्या घरी लग्न निघालं, पोळा आला, तर गाडी दोन दिवस त्यांच्या दारात जाईल. असा व्यवहार दोन्ही घरांना लक्षात राहतो.

आणखी एक. सौदा ठरवताना घरातल्या बायकांना विचारा. गाडीवर नाव कर्त्या पुरुषाचं असेल, पण तिच्यातून माहेरी-सासरी गेल्या त्या या. त्या ‘देऊ नका’ म्हणाल्या तर परत या. ‘द्या’ म्हणाल्या तर गाडी कोणी बनवली, कोणत्या लग्नात आली, छताचं कापड कोणतं होतं, हे त्यांच्याकडूनच कळतं. ते लिहून ठेवा. कारागिराचं नाव गाडीवर कोरलेलं नसतं. ते फक्त अशा आठवणीत असतं.

विक्रीची साधी चिठ्ठी करा. तारीख, गाव, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, गाडीचा फोटो. सागाचं काम आहे. सुटे भाग करून टेम्पोत भरून नेत असाल तर नाक्यावर लाकूड म्हणून विचारणा होऊ शकते. चिठ्ठी जवळ असावी आणि शंका असेल तर आधीच वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावं.

दुरुस्ती आणि निगा

गाडी घरी आली की पहिल्याच दिवशी रंगाचा डबा उघडू नका. आधी धूळ झाडा, कोरड्या फडक्याने पुसा. मग जवसाचं तेल. जवस आपल्या विदर्भाचंच पीक. त्याचं कच्चं तेल लाकडात मुरतं आणि हळूहळू वाळून आत धरून राहतं. पातळ हात, दोन-तीन दिवस थांबून दुसरा हात. जाड थर दिला तर चिकट राहतो आणि धूळ पकडतो. तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

चाकांचं काम चाक जाणणाऱ्याकडूनच करून घ्यावं. धाव सैल आहे म्हणून पाटात खिळे ठोकणारे भेटतील. ठोकू देऊ नका. खिळ्यापासून लाकूड चिरतं. धाव कापून, डाग देऊन, परत तापवून चढवणं हाच उपाय. दोन्ही चाकांचं काम एका दिवशी लावा, कारण जाळ एकदाच पेटतो. जवळपास कोणाच्या गाडीचं काम असेल तर त्यांनाही बोलवा. चार चाकं एका जाळात निघतात आणि लोहारालाही दिवस परवडतो.

वंगण विसरू नये. जुन्या गाडीखाली बांबूचं नळकांडं टांगलेलं असायचं, त्यात एरंडेलाचं वंगण आणि चिंधी. आज ग्रीस चालतं. कुरकुरणारं चाक म्हणजे बैलांच्या मानेवर जादा ओझं, इतका सरळ संबंध आहे.

उभी करताना दांडीखाली टेकू द्या, चाकांखाली फळी किंवा फरशी ठेवा म्हणजे ओल चढणार नाही, आणि महिन्यातून एकदा चाकं थोडी फिरवा. एकाच बिंदूवर वर्षभर भार राहिला तर चाकाचा गोलपणा जातो.

तोल : उलार गाडी का वाईट

दोन चाकांच्या गाडीचा सगळा खेळ तोलाचा. भार आसाच्या किंचित पुढे असावा, म्हणजे जू बैलांच्या खांद्यावर हलकेच टेकून राहतं. भार मागे गेला की गाडी उलार होते. जू वर उचललं जातं, गळ्याखालची जोती आवळतात आणि बैलांचा श्वास कोंडतो. भार फार पुढे आला तर सगळं वजन खांद्यावर येऊन खांदे सुजतात. म्हणून माणसं बसवताना धुरकऱ्याला जूवर हात ठेवून बघायला सांगावं. एका हाताने उचललं जाईल, पण सोडल्यावर आपणहून खाली येईल, इतका भार बरोबर.

गंमत म्हणजे मोटारीमागच्या ट्रेलरचा नियमही हाच आहे. तिथे एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या टोकावर असावा असं सांगतात. कमी पडला तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोके घेतो आणि गाडीला घेऊन उलटतो. आपल्या धुरकऱ्याला हे टक्केवारीशिवाय माहीत होतं.

निघायचं कसं, कुठे, केव्हा

सगळ्यात चांगला काळ दिवाळी ते होळी. पावसाळ्यात आपली काळी माती चाक गिळते. उन्हाळ्यात बैलांचे हाल होतात. ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठी १९६५चे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यात सांगितलंय की दिवसात नऊ तासांच्या वर जनावर जुंपायचं नाही, सलग पाच तासांवर विश्रांतीशिवाय चालवायचं नाही, आणि जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही. धुरकरी आणि सहा वर्षांखालची लेकरं सोडली तर चारच माणसं गाडीत. टोकदार आर लावलेली तुतारीही त्या नियमांना मान्य नाही. हे सगळं आपल्या जुन्या जाणत्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. हौशी माणसाला मात्र सांगावं लागतं.

रस्ता निवडताना नागपूर-हैदराबाद आणि नागपूर-तुळजापूर हे दोन्ही महामार्ग पूर्ण टाळा. ओलांडायची वेळ आली तर माणूस पुढे उतरवून ओलांडा. दमणीचा खरा रस्ता म्हणजे पांदण. दोन्ही बाजूंनी धुऱ्यावरची बोरी-बाभळी, खाली मऊ माती. लोखंडी धाव डांबरावर खडखडते आणि हाडं हलवते. मातीवर तीच गाडी बोलतसुद्धा नाही.

वेग तासाला तीन-चार किलोमीटर. म्हणजे सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास धरले तर दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर. बस्स. त्यापेक्षा लांबचा बेत आखू नका. या वेगात कापसाच्या शेतात वेचणीला लागलेल्या बाया हाक मारून कुठं चालला विचारतात, आणि आपल्याला थांबून उत्तर देता येतं. मोटारीतून हे होत नाही. मुक्काम ओळखीच्या शेतात, विहीर जवळ असेल असा. अंधारात चालायचं नाही. वेळ आलीच तर मागे लाल रिफ्लेक्टर आणि कंदील, दोन्ही हवेत.

आपल्याकडे बैल नसले तर? बैल विकत घेऊ नका. ज्याच्याकडे शिकलेली जोडी आहे त्यालाच धुरकरी म्हणून रोजाने बोलवा, बैलांचा रोज वेगळा द्या. आणि एक गोष्ट कधीही करू नका. दमणी ट्रॅक्टरच्या मागे लावू नका. ही चाकं बैलाच्या पावलाच्या वेगासाठी बांधलेली आहेत. तिप्पट-चौपट वेगात, कमानीशिवाय, प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट आऱ्यांवर येतो. आत लेकरं बसलेली असताना चाक फुटलं तर काय, याचा विचार करा.

श्रोत्यांचे प्रश्न

*या गाडीची आरटीओत नोंदणी लागते का?*

नाही. बैलगाडी मोटार वाहन नाही. २०२१ साली केंद्राने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरच्या मोटारी आणि दुचाकींना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. ते सगळं मोटार वाहनांसाठी. मात्र मोटारीमागे जोडायचा ट्रेलर घेत असाल तर त्याची नोंदणी लागते. कागद नसलेला जुना ट्रेलर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

*आमचा मुलगा अमेरिकेत आहे. आजोबांची दमणी तिकडे पाठवता येईल का?*

आधी वय बघा. १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. गाडी तेवढी जुनी असण्याची शक्यता असेल तर पुरातत्त्व खात्याकडून दाखला घ्यावा. पण आमचं मत विचाराल तर गाडी इथेच चालती ठेवा आणि नातवंडांना सुट्टीत बोलवा. तिकडच्या बर्फात ती शोभेचीच होईल.

*दमणी शंकरपटात पळवता येईल का?*

नाही. पटाचा छकडा वेगळा आणि दमणी वेगळी. पटावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली होती, २०२१च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तरी परवानगी आणि अटी आहेतच. दमणी ही सावकाश जायची गाडी आहे, तिला सावकाशच जाऊ द्या.

*गाडी घ्यायची ऐपत नाही, पण हे टिकावं असं वाटतं. काय करावं?*

दोन कामं बिनपैशाची आहेत. आपल्या गावात किती दमण्या, रेंग्या उरल्यात त्याची यादी करा, मालकाच्या परवानगीने फोटो काढा. आणि धाव चढवणारा लोहार, तुंबा घडवणारा वाढई कोण आहे ते शोधून त्याचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत मोबाइलवर चित्रित करा, मापांसकट. शाळेतली मुलं हे एका सुट्टीत करू शकतात. पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस त्यासाठी चांगले, कारण तेव्हा घरोघरी बैलांचा साज बाहेर निघालेला असतो आणि म्हातारी माणसं बोलायच्या मनःस्थितीत असतात.

येत्या पोळ्याला आपल्या परसातली गाडी एकदा बाहेर ओढा, आरे ठोकून बघा. बाराही टणक वाजले तर लोहाराला निरोप पाठवायची घाई नाही. एखादा बद्द वाजला तर मात्र निरोप पाठवा. तो लोहार काम करतोय तोवर.